पात्राचा निरोप

प्रस्तावना

तांबरम हे चेन्नईच्या दक्षिणेकडील मोठे उपनगर आहे. चेन्नई बीच ते तांबरम या मार्गावर विजेवर धावणारी उपनगरी गाडी १९३१ साली सुरू झाली. तेव्हापासून नोकरीनिमित्त येणाऱ्या माणसांचा ओघ येथे कधी थांबलेला नाही. येथे हवाई दलाचे केंद्र आहे. त्यामुळे बदलीवर आलेली मराठी कुटुंबेही येथे येऊन राहतात. अशा घरातील एखादी आजी किंवा नव्याने आलेली सून तमिळ शिकते, ती पुस्तकातून नव्हे. शेजारच्या घरात संध्याकाळी चालू असलेली मालिका हीच तिची पहिली शाळा असते. घरी मराठी मालिका आणि शेजारी तमिळ मालिका, अशा दोन कथा ती एकाच वेळी ऐकत असते.

तमिळ मालिकांत पूर्वीपासून एक ओळ पडद्यावर झळकत आलेली आहे : ‘इवरुक्कु पदिल इवर’, म्हणजे ‘यांच्याऐवजी हे’. कालपर्यंत जी सून एका चेहऱ्याची होती, ती आज दुसऱ्याच चेहऱ्याची होऊन स्वयंपाकघरातून बाहेर येते. घरातल्या कोणालाही त्याचे आश्चर्य वाटत नाही; आश्चर्य वाटते ते फक्त पाहणाऱ्याला. मराठीतही हे घडते. काही वेळा चेहरा बदलण्याऐवजी पात्रच निरोप घेते आणि त्या निरोपाची तयारी म्हणून त्याचा स्वभाव, त्याची भाषा, त्याचे वागणे हळूहळू पालटू लागते.

या पाठात आपण त्या पालटण्याचा विचार करणार आहोत. पाठाच्या अभ्यासानंतर नाटकातील पात्र आणि मालिकेतील पात्र यांतील भेद तुम्ही सांगू शकाल. पात्रात झालेला बदल कथेच्या आतून आला की बाहेरून लादला गेला, हे ओळखू शकाल आणि आपले मत कारणे देऊन लिहू शकाल. मालिका पाहणे हा रिकामटेकडा उद्योग आहे, असे अनेक सुशिक्षित मंडळी मानतात. परंतु एखाद्या माणसाचा स्वभाव पाच-पाच वर्षे रोज न्याहाळणाऱ्या प्रेक्षकाइतकी पात्राची पारख क्वचितच कोणाला असते. त्या पारखीला शब्द देणे एवढेच येथे करावयाचे आहे.

मूलपाठ

लिहून झालेले पात्र आणि लिहिले जात असलेले पात्र

मराठी रंगभूमीवरील ‘संगीत सौभद्र’ हे नाटक १८८२ साली रंगमंचावर आले. त्यातील सुभद्रेची भूमिका भाऊराव कोल्हटकरांनी केली आणि पुढे बालगंधर्वांनीही केली. भाऊराव १९०१ साली निवर्तले. पण त्यामुळे सुभद्रेचे काही बिघडले नाही. तिचा राग, तिचे रुसणे, तिची पदे हे सर्व अण्णासाहेब किर्लोस्करांनी लिहून ठेवलेले होते. नट आले आणि गेले, सुभद्रा मात्र कागदावर पूर्ण होती. कादंबरीतील पात्राला तर नटाची गरजच नसते.

दैनंदिन मालिकेतील पात्राचे तसे नाही. ते कधीच पूर्ण लिहिलेले नसते. मालिकेच्या नामावलीत ‘कथा’, ‘कथाविस्तार’, ‘पटकथा’ आणि ‘संवाद’ अशी वेगवेगळी नावे येतात, हे तुमच्या लक्षात आले असेल. मूळ कथा थोडक्यात असते. ती पुढे कोठे न्यावयाची हे कथाविस्तार करणारा ठरवतो, पटकथाकार प्रसंग मांडतो आणि संवादलेखक त्या प्रसंगांना बोलते करतो. ही सारी मंडळी चित्रीकरणाच्या जेमतेम काही दिवस पुढे असतात. दर आठवड्याला प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात आणि त्यांनुसार कथेची दिशा बदलते. नटाचा करार केव्हा संपतो, त्याला चित्रपटात काम मिळाले आहे काय, एखादी अभिनेत्री प्रसूतीसाठी रजा घेणार आहे काय, याही गोष्टी लेखकाच्या टेबलावर येऊन पडतात. मालिकेतील पात्राचे आयुष्य असे दोन ठिकाणी लिहिले जाते : एकदा कथेत आणि एकदा करारपत्रात.

शिवाय पात्र घडवण्यात नटाचा वाटा मोठा असतो. एखादी अभिनेत्री रागावल्यावर आवाज चढवण्याऐवजी खाली आणते. लेखकाला ते आवडते आणि तो तसे प्रसंग मुद्दाम लिहू लागतो. वर्षभरात ती लकब पात्राची होऊन जाते. मग ती अभिनेत्री गेली, तर पात्राचा नेमका कोणता भाग तिच्याबरोबर जातो आणि कोणता मागे उरतो? या प्रश्नाचे सोपे उत्तर नाही.

निरोपाची चाहूल

वर्षानुवर्षे मालिका पाहणारी माणसे पात्राच्या जाण्याचा अंदाज आधीच बांधतात. एखादा तिरसट दीर एकाएकी सर्वांशी गोड बोलू लागला की घरातील आजी म्हणते, “आता हा जाणार बघ!” ज्याच्या आयुष्यात तीन वर्षे सुखाचा दिवस नव्हता, त्याला अचानक मूल होते, मनाजोगती नोकरी मिळते, बायकोशी असलेला अबोला सुटतो. कथेत सुख फार दाटून आले की ते ओसंडून जाण्याची वेळ जवळ आली, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. कधी परदेशातील नोकरीचा विषय सहज निघावा तसा जेवणाच्या पानावर निघतो. कधी पात्र फक्त दूरध्वनीवर बोलताना दिसते आणि मग दूरध्वनीवरही दुसऱ्याच कोणीतरी बोलल्याचे आपल्याला नुसते कळते. आणखी एक रीत आहे व ती मला सर्वांत वाईट वाटते. लाडक्या पात्राला मुद्दाम वाईट करावयाचे, म्हणजे ते गेल्यावर कोणी हळहळणार नाही!

यांपैकी पहिल्या रीतीचे ठळक उदाहरण ‘आई कुठे काय करते’ या मालिकेत आढळते. ही मालिका स्टार प्रवाह वाहिनीवर डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ या काळात चालली. मधुराणी प्रभुलकर यांनी साकारलेली अरुंधती संसारात गुरफटलेली आणि स्वतःला विसरलेली गृहिणी. नवऱ्याच्या प्रतारणेनंतर ती घटस्फोट घेते, स्वतःच्या पायांवर उभी राहते आणि महाविद्यालयात तिच्यावर मनोमन प्रेम करणाऱ्या आशुतोषशी विवाह करते. प्रौढ वयातील, मुले मोठी झालेल्या स्त्रीचा पुनर्विवाह मराठी मालिकेने इतक्या आस्थेने दाखवावा, ही लहान गोष्ट नव्हती. ओंकार गोवर्धन यांचा आशुतोष समंजस, थोडा संकोची आणि पत्नीचा मान राखणारा होता. २०२४ साली अपघातात त्याचा मृत्यू दाखवला गेला आणि पात्राबरोबर कलाकारही मालिकेतून बाहेर पडला.

त्या मृत्यूने प्रेक्षकांना दुःख झाले यात नवल नाही. परंतु पुष्कळांना रागही आला आणि त्या रागाचे कारण विचार करण्यासारखे आहे. आशुतोष मृत्यूपूर्वी बदलला नव्हता, तो होता तसाच सज्जन राहिला. बदलला तो त्याच्या सज्जनपणाचा कथेतील उपयोग. तोपर्यंत त्याच्यामुळे अरुंधतीला नवे आयुष्य मिळत होते. आता त्याच्या जाण्याने तिला पुन्हा सोसावयाचे होते. ज्या प्रेक्षक स्त्रियांनी त्या विवाहात स्वतःच्या मनातली एखादी न बोललेली गोष्ट पाहिली होती, त्यांना ही कथा आपल्याला दिलेला शब्द मोडते आहे असे वाटले. कथेत मृत्यू दाखवू नये असे कोणी म्हणणार नाही, पण त्या मृत्यूची किंमत कोण मोजतो हे लेखकाने पाहिले पाहिजे.

तमिळमध्ये विजय वाहिनीवर ‘पांडियन स्टोर्स’ ही मालिका २०१८ ते २०२३ या काळात चालली. चार भाऊ, त्यांचे किराणा दुकान आणि एकत्र कुटुंब असा तिचा विषय. मराठी प्रेक्षकांना ही कथा अनोळखी वाटणार नाही. सुनील बर्वे आणि नंदिता पाटकर यांची ‘सहकुटुंब सहपरिवार’ ही मालिका याच कथेवरून मराठीत आली होती. तमिळ मालिकेत लक्ष्मी अम्माळ या आईची भूमिका शीला यांनी केली होती. २०२१ साली त्या पात्राचा मृत्यू दाखवण्यात आला. धाकट्या मुलाने घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलेले, त्यामुळे घरात पडलेली फूट, आणि त्या फुटीत सापडलेली आई : अशा अवस्थेत हे पात्र पडद्याआड गेले. येथे आईच्या जाण्याला कथेत आधीपासून जागा होती. ती गेली नसती तरी ते घर पूर्वीसारखे राहिले नसते. म्हणूनच तिचा मृत्यू कोणी बाहेरून आणून ठेवल्यासारखा वाटत नाही.

एखादे पात्र जातही नाही आणि उरतही नाही, असेही घडते. ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ ही हिंदी मालिका २००८ पासून चालू आहे. तिच्यातील दयाबेनचे काम करणाऱ्या दिशा वकानी २०१७ साली प्रसूतीच्या रजेवर गेल्या आणि परत आल्या नाहीत. निर्मात्यांनी दयाबेनला मारले नाही, तिच्या जागी दुसरा चेहराही वर्षानुवर्षे आणला नाही. दयाबेन माहेरी, अहमदाबादला गेली आहे, एवढेच प्रेक्षकांना सांगितले गेले. मराठीत ‘माहेरपण’ हा किती गोड शब्द आहे! पण इतके लांबलेले माहेरपण दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आले असेल असे वाटत नाही. विनोद बाजूला ठेवला तरी यात एक शहाणपण आहे. न दिसणारे पात्र कधी चुकीचे वागत नाही, त्यामुळे प्रेक्षकाच्या मनातली दयाबेन जशीच्या तशी राहिली.

पाठगत प्रश्न
१. नटाच्या जाण्याने सुभद्रेचे पात्र का बिघडत नाही?
२. ‘मालिकेतील पात्राचे आयुष्य दोन ठिकाणी लिहिले जाते’ या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

कोणी पाठवले, कोण गेले

पात्राला कथेबाहेर काढण्याची कारणे नेहमी कथेतच असतात असे नाही. रेडिओवरील मालिकांच्या काळातील एक उदाहरण पाहू. इंग्लंडमध्ये बीबीसीवर ‘द आर्चर्स’ ही ग्रामीण जीवनावरील श्राव्य मालिका १९५१ पासून चालू आहे. तिच्यात ग्रेस आर्चर ही नवविवाहित तरुणी होती. २२ सप्टेंबर १९५५ रोजी, तबेल्याला लागलेल्या आगीतून घोडा वाचवण्याच्या प्रयत्नात तिचा मृत्यू झाल्याचे श्रोत्यांनी ऐकले. त्याच रात्री बीबीसीला स्पर्धा करणारी आयटीव्ही ही नवी दूरचित्रवाणी सुरू होत होती. नव्या वाहिनीच्या पहिल्याच रात्री लोकांचे कान जुन्या रेडिओकडे लागले.

ग्रेसचे काम करणाऱ्या इसेन चर्चमन यांनी पुरुष सहकलाकारांइतक्या मानधनाची मागणी केली होती आणि त्यांचे पात्र निवडले जाण्यामागे ती मागणी होती, असे पुढे प्रसिद्ध झाले. म्हणजे ग्रेसच्या शौर्यामागे आणखी एक कथा होती आणि ती श्रोत्यांना त्या रात्री ऐकू येणार नव्हती. पात्र शौर्याने मेले आणि कलाकाराचे काम गेले. पडद्यावर पात्राचा भव्य निरोप पाहताना त्या मागच्या माणसाच्या पोटापाण्याचा प्रश्नही आपल्या मनात असू द्यावा. मालिका म्हणजे काहींची करमणूक, पण अनेकांचा रोजगार आहे.

श्रोत्यांच्या वा प्रेक्षकांच्या हाती काहीच नसते काय? थोडेफार असते. ३ जुलै २००० रोजी स्टार प्लस वाहिनीवर ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ही मालिका सुरू झाली. तिच्यातील मिहिर विराणीचा २००१ साली अपघाती मृत्यू दाखवला गेला, तेव्हा देशभरातून निषेध झाला. शेवटी मिहिरला कथेत जिवंत करावे लागले! अमर उपाध्याय यांच्यानंतर इंदर कुमार आणि मग रोनित रॉय यांनी ती भूमिका केली. म्हणजे मरणातून परत आलेल्या मिहिरला पुढे आणखी दोन चेहरे मिळाले. ही मालिका २००८ साली संपली. २९ जुलै २०२५ रोजी तिचे नवे पर्व सुरू झाले, तेव्हा तुळशीच्या भूमिकेत स्मृती इराणी होत्या आणि मिहिर म्हणून अमर उपाध्यायच परतले. मधल्या काळात मिहिरची भूमिका सर्वाधिक काळ रोनित रॉय यांनी केली होती. तरी अनेकांच्या मनातला मिहिर पहिल्या चेहऱ्याचाच राहिला होता.

निरोपाला वेळच मिळत नाही तेव्हा

आतापर्यंत आपण ठरवून झालेले निरोप पाहिले. मृत्यू मात्र कथाविस्तार करणाऱ्याला विचारून येत नाही.

सन टीव्हीवर ‘एदिरनीच्चल’ ही तमिळ मालिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. या शब्दाचा अर्थ प्रवाहाविरुद्ध पोहणे. मदुरैतील एका सधन घरातल्या चार सुना आणि त्यांना धाकात ठेवणारा थोरला भाऊ आदी गुणशेखरन यांची ती कथा. दिग्दर्शक तिरुसेल्वम. गुणशेखरनचे काम जी. मारिमुत्तू हे चित्रपट-दिग्दर्शक व अभिनेते करीत. हे पात्र वाईट होते. बायकांनी शिकू नये, बोलू नये, उंबरा ओलांडू नये असे मानणारे. पण मारिमुत्तूंनी त्याच्या तोंडी ‘ए इंदाम्मा’ ही हाक अशा काही ढंगाने घातली की लहान मुलेही ती म्हणू लागली. मराठीत तिचा भाव साधारणपणे ‘अगं ए बाई’ असा सांगता येईल, पण त्यातली गुर्मी भाषांतरात येत नाही. प्रेक्षक त्या माणसाचा तिरस्कार करीत आणि त्याची वाटही पाहत.

८ सप्टेंबर २०२३ रोजी याच मालिकेच्या संवादांचे ध्वनिमुद्रण चालू असताना मारिमुत्तूंना अस्वस्थ वाटू लागले आणि त्यांचे निधन झाले. तमिळ मालिकांत चित्रीकरणानंतर संवाद पुन्हा स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करण्याची पद्धत आहे, हे येथे लक्षात घ्या. म्हणजे पात्राचा देह आधी चित्रित होतो आणि आवाज मागाहून येतो. गुणशेखरनचा आवाज वाटेतच थांबला.

लेखकापुढे आता काय पर्याय होते? गुणशेखरन हाच कथेचा अडसर. तो नसेल तर चार सुनांनी कोणत्या प्रवाहाविरुद्ध पोहावयाचे? कथेत गुणशेखरन घर सोडून निघून गेल्याचे दाखवण्यात आले आणि काही आठवड्यांनी तमिळ साहित्यिक व अभिनेते वेला राममूर्ती यांच्या रूपाने तो परतला. हा गुणशेखरन अधिक कठोर, अधिक रांगडा आहे. मारिमुत्तूंचा गुणशेखरन धमकी देतानाही थोडा हास्यास्पद होत असे आणि त्यामुळे सुनांना त्याच्यावर हसण्याची संधी मिळे. नव्या गुणशेखरनवर हसता येत नाही. नाव, घर आणि नाती तीच राहिली, पण त्या घरातल्या भीतीची जात बदलली. यात नव्या कलाकाराचा दोष नाही. उलट, दुसऱ्याच्या लकबींची नक्कल न करता त्यांनी स्वतःचा मार्ग धरला, हे मला योग्य वाटते.

मराठीतही अशी उदाहरणे आहेत. ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर ‘आई माझी काळूबाई’ या मालिकेत काम करीत असताना त्यांना करोनाची बाधा झाली आणि २२ सप्टेंबर २०२० रोजी साताऱ्यात त्यांचे निधन झाले. स्टार प्रवाहवरील ‘ठरलं तर मग’ या मालिकेतील पूर्णा आजी साकारणाऱ्या ज्योती चांदेकर १६ ऑगस्ट २०२५ रोजी गेल्या. पुढे ती भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी स्वीकारली. हट्टंगडी म्हणजे ‘चार दिवस सासूचे’मधील आशा देशमुख, ती मालिका २००१ पासून २०१३ च्या आरंभापर्यंत चालली होती. ज्या प्रेक्षकांनी त्यांना अकरा वर्षे सासू म्हणून पाहिले, त्यांनी आता आजी म्हणून पाहिले.

चेहरा बदलला, स्वभावाचे काय?

‘माझ्या नवऱ्याची बायको’ या झी मराठीवरील मालिकेत (२०१६ ते २०२१) शनाया हे खलपात्र होते. रसिका सुनील ही भूमिका करीत. २०१८ साली त्या चित्रपटविषयक शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या, तेव्हा ईशा केसकर शनाया झाल्या. २०२० साली रसिका सुनील परतल्या. चेहरा दोनदा बदलला, पण शनाया तशीच उथळ, पैशाची हावरी, नटवी आणि थोडी बावळट राहिली. पात्राची रेषा ठळक असली की कलाकार बदलूनही ते टिकते, असे यावरून म्हणता येईल. ‘पांडियन स्टोर्स’मधील मुल्लै या सुनेला तर तीन चेहरे लाभले. पहिल्या मुल्लै, व्ही. जे. चित्रा, यांचे डिसेंबर २०२० मध्ये अकाली निधन झाले. त्यांच्यानंतर काव्या अरिवुमणी आणि मग लावण्या यांनी ती भूमिका केली. मराठी रूपांतरात साधारण त्याच जागी असलेली अंजी कोमल कुंभार यांनी साकारली. एकच कथा दोन भाषांत, पण दोन वेगळ्या नशिबांनी चालली.

आता याच्या उलट उदाहरण. ‘अग्गंबाई सासूबाई’ ही मालिका झी मराठीवर जुलै २०१९ मध्ये सुरू झाली. तिची कल्पना खरोखर वेगळी होती. तेजश्री प्रधान यांची शुभ्रा ही सून आपल्या विधवा सासूच्या, आसावरीच्या, पुनर्विवाहासाठी घरादाराशी झगडते. निवेदिता सराफ यांची आसावरी भिडस्त आणि सर्वांपुढे नमते घेणारी होती. तिला बोलते करणारी, तिच्या वतीने भांडणारी शुभ्रा अनेकांना आपली वाटली. मार्च २०२१ मध्ये ही मालिका संपली आणि तिचाच पुढचा भाग म्हणून ‘अग्गंबाई सूनबाई’ सुरू झाला. आता शुभ्रा झाल्या होत्या उमा पेंढारकर. पण केवळ चेहराच बदलला असता तर काही बिघडले नसते. ही शुभ्रा घाबरट, आत्मविश्वास हरवलेली, घरातच गुंतून पडलेली होती. आसावरी मात्र व्यवसाय सांभाळणारी कर्तबगार स्त्री झाली होती. सासू आणि सून यांनी जणू स्वभावांची अदलाबदल केली होती.

अशी अदलाबदल कधीच होऊ शकत नाही, असे नाही. माणसे बदलतात. मूल झाल्यावर, नोकरी सुटल्यावर, घरातील कोणाच्या सततच्या टोमण्यांनी एखादी धीट मुलगी बुजरी होते. हे आपण आपल्या ओळखीच्या घरांतही पाहिलेले असते. तसा बदल दाखवला असता, शुभ्रेचा आवाज कोणत्या दिवशी पहिल्यांदा खाली आला, कोणत्या प्रसंगी तिने बोलायचे ते गिळले, हे पायरीपायरीने दिसले असते, तर ती एका संपूर्ण मालिकेची कथा झाली असती. तसे झाले नाही. दोन मालिकांच्या मधल्या रिकाम्या जागेत, प्रेक्षकाच्या नजरेआड, तो बदल होऊन गेलेला होता. नव्या अभिनेत्रीला मात्र जुन्या शुभ्रेशी होणारी तुलना रोज सोसावी लागली आणि तो तिच्यावर अन्यायच होता. जे पात्र तिच्या हाती आले, ते आधीच मोडलेले होते.

औचित्याची कसोटी

अकराव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या क्षेमेंद्राने काव्यातील ‘औचित्य’ या तत्त्वाचा विचार मांडला. जे ज्याला साजते ते उचित, असा त्याचा साधा अर्थ घेता येईल. पात्राचे वागणे त्याच्या प्रकृतीला, वयाला, प्रसंगाला साजले पाहिजे. क्षेमेंद्रापुढे मालिका नव्हत्या हे उघडच आहे, पण त्याची कसोटी येथेही उपयोगी पडते.

पात्रात बदल दिसला की तीन गोष्टी तपासून पाहा. या बदलाचे बीज आधीच्या कथेत कोठे होते काय? बदल घडताना आपण पाहिला की घडून गेल्यावर आपल्याला कळवला गेला? आणि कलाकार जाणार आहे हे आपल्याला ठाऊक नसते, तरीही हा बदल पटला असता काय? लक्ष्मी अम्माळच्या मृत्यूला ही कसोटी लावा. आशुतोषला लावा. शुभ्रेला लावा. तुमची उत्तरे माझ्या उत्तरांपेक्षा वेगळी आली, तरी ती कारणांसह आलेली असोत.

भाषेच्या दृष्टीनेही येथे एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. बदलाविषयी बोलताना आपण ‘एकाएकी’, ‘अचानक’, ‘बघता बघता’, ‘हळूहळू’, ‘कळत नकळत’ अशी क्रियाविशेषणे वापरतो. ‘तो एकाएकी बदलला’ आणि ‘तो कळत नकळत बदलत गेला’ या दोन वाक्यांत केवळ वेगाचा फरक नाही. ‘बदलला’ म्हटले की गोष्ट संपली. ‘बदलत गेला’ म्हटले की मधला काळ डोळ्यांपुढे येतो. संयुक्त क्रियापदाने साधलेला हा परिणाम चांगला पटकथाकार प्रसंगांनी साधतो. ‘काढता पाय घेणे’ हा वाक्प्रचारही असाच बारकाईने पाहा. नको असलेल्या जागेतून गुपचूप निघून जाणे, असा त्याचा अर्थ. पात्राला कथेने काढता पाय घ्यायला लावला, असे आपण म्हणतो, तेव्हा नेमकी कोणाला ती जागा नकोशी झाली होती?

शब्दार्थ
प्रतारणा : फसवणूक. भिडस्त : संकोचामुळे नाही म्हणू न शकणारा. अडसर : दाराला आतून लावण्याचा आडवा दांडा, येथे अडथळा. गुर्मी : ताठा, मग्रुरी. प्रकृती : येथे मूळ स्वभाव. कसोटी : सोन्याचा कस पाहण्याचा दगड, परीक्षा.

स्वाध्याय

१. मारिमुत्तू आणि वेला राममूर्ती यांच्या गुणशेखरनमध्ये लेखकाला कोणता फरक जाणवतो? त्या फरकाचा चार सुनांच्या कथेवर काय परिणाम झाला असेल, ते आठ ते दहा ओळींत लिहा.

२. ‘न दिसणारे पात्र कधी चुकीचे वागत नाही’ हे विधान तुम्हांला पटते काय? दयाबेनच्या उदाहरणाच्या आधारे उत्तर लिहा.

३. पुढील वाक्ये ‘-त जाणे’ हे क्रियापद योजून पुन्हा लिहा : (अ) सासूचा राग निवळला. (आ) घरातली माणसे दुरावली. (इ) तिचा आवाज क्षीण झाला.

४. तुमच्या घरात पाहिल्या जाणाऱ्या, कोणत्याही भाषेतील मालिकेतून एखादे पात्र निघून गेले असेल, तर घरातील ज्येष्ठ व्यक्तीला त्याविषयी विचारा. ते जाणार हे त्यांना आधी कशावरून कळले होते? त्यांनी सांगितलेल्या खुणा त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा. नंतर शुभ्रेच्या धीटपणाकडून बुजरेपणाकडे जाण्याचा एक प्रसंग, फक्त एकच, संवादरूपाने लिहा. प्रसंगात आसावरी असावी आणि तिला काही लक्षात आलेले नसावे.